रस्त्याकडच्या खिडक्या

रिकाम्या खोलीत पंखा गरगरताना दिसला की तुम्ही-आम्ही काय करतो? कुणावर तरी चिडतो आणि बटण बंद करतो. बाई तसं करत नसत. त्या पंख्याखाली जाऊन उभ्या राहत, चष्मा कपाळावर सरकवून वर बघत आणि विचारत, "याक?"

याक म्हणजे का. बाई अक्कलकोटकडच्या, घरात कानडी आणि शाळेत मराठी अशा वाढलेल्या. सारी नोकरी त्यांनी मराठी शाळेत केली, पण हा एक शब्द मात्र कानडीतच ठेवला होता. आपला 'का' त्यांना तोकडा वाटत असावा. 'याक' म्हणताना त्या शेवटचा क असा दाबत, की उत्तर दिल्याशिवाय समोरच्याची सुटका नसे. उत्तर मिळालं की मग बटण बंद. कधी कधी उत्तर ऐकून बंद करत नसत, तसाच चालू ठेवून पुढे जात.

मी इलेक्ट्रिकची कामं घेतो. सोलापुरात माझं छोटं दुकान आहे, आणि एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचं दुरुस्तीचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. तीन मजली इमारत. मुली करमाळा, नातेपुते, कुर्डुवाडीकडच्या आणि त्याच्याही पलीकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या. बाई तिथे रेक्टर म्हणून आल्या त्या शाळेतून निवृत्त झाल्यावर.

मुलींच्या वसतिगृहात इलेक्ट्रिशियनने जायचं म्हणजे काय असतं, ते कधी बघा. मी जिन्यात पाय ठेवला की तिथल्या मावशी स्टीलच्या ताटलीवर पळी आपटत ओरडायच्या, "माणूस आला हो, माणूस!" वरती धावपळ, दारांचे धाडधाड आवाज, दोरीवरचे कपडे गायब. मी बापडा मान खाली घालून भिंतीकडेने चालायचो. पहिल्याच दिवशी बाईंनी मला अडवलं.

"तुम्ही खाली काय बघताय? वायरिंग तर वर आहे की!"

त्या दिवशी मी एका अवघड कामासाठी गेलो होतो. दुसऱ्या मजल्यावर वायर तापून वितळली होती. पॅसेजभर जळक्या प्लास्टिकचा वास होता. दोष वायरचा नव्हता. खोल्याखोल्यांतून पाणी तापवायचे रॉड, चहाच्या किटल्या, इस्त्र्या, आणि दिवसभर चालू असलेले दिवे-पंखे, एवढा भार त्या वायरला झेपणारा नव्हता. संस्थेचे सेक्रेटरी साहेब तडकाफडकी निर्णय घेणारे. त्यांनी मला फोनवरच सांगून टाकलं, "खोल्यांमधली सगळी सॉकेटं काढा. आणि सकाळी कॉलेजची वेळ झाली की मेन स्विच बंद. संध्याकाळी चालू. या मुलींना शिस्त म्हणून नाही."

मी स्क्रू ड्रायव्हर काढला तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आठ दिवस थांबा."

"बाई, साहेबांचा आदेश आहे."

"असू दे की. सॉकेटं कुठे पळून जात नाहीत. मला आधी विचारून तर बघू दे."

मी वायर बदलली आणि परत आलो. आठ दिवसांत काय होणार, असंच माझ्या मनात होतं. आधीच्या रेक्टरबाईही विचारायच्या. पण त्यांचं विचारणं म्हणजे कपाटं उघडून झडती. या बाईंनी काय केलं असेल? आपली वळकटी उचलली आणि दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या एका खोलीत, मुलींच्यात जाऊन राहिल्या. मुलींना प्रथम ही नवी तऱ्हेची झडतीच वाटली. पण बाई रात्री त्यांच्याआधी घोरायला लागायच्या. घोरणाऱ्या माणसाची भीती किती दिवस टिकणार?

मी परत गेलो तेव्हा बाईंकडे अर्धी उत्तरं तयार होती. किटल्या कशासाठी? नर्सिंगच्या आणि प्रॅक्टिकलच्या मुली उशिरा यायच्या तेव्हा जेवणघराला कुलूप लागलेलं असायचं. मग खोलीत नूडल्स शिजायच्या. बाईंनी स्वयंपाकाच्या मावशींशी तीन दिवस भांडून भाकऱ्या आणि आमटी झाकून ठेवायची पद्धत पाडली, आणि किटल्या हळूहळू कपाटावर जाऊन बसल्या.

"आणि हे?" मी विचारलं.

रस्त्याकडच्या सगळ्या खोल्यांत भर दिवसा दिवे चालू होते. खिडक्या बंद. नुसत्या बंद नव्हे, काचांना पुठ्ठे, वर्तमानपत्रं, जुन्या ओढण्या चिकटवलेल्या. सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी खिडकी लावूनच घ्यावी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. पण ऊन उतरलं, पश्चिमेचा वारा सुटला की ती उघडायचीही असते, नाहीतर भिंतींनी दिवसभर प्यायलेलं ऊन रात्रभर खोलीत झिरपत राहतं. इथे वारा नेमका याच बाजूने यायचा, आणि याच खिडक्या वर्षानुवर्षं उघडल्या नव्हत्या. पंखे पाचवर ठेवले तरी तीच गरम हवा घुसळत राहायचे. माझे वडील मागावर काम करायचे. सूत तुटू नये म्हणून त्या शेडची दारं-खिडक्या लावलेली असायची. ती कोंदलेली हवा मला लहानपणापासून माहीत आहे. पण तिथे निदान सुताचं कारण होतं.

"याक, ते अजून कुणी सांगत नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्या म्हणतात, धूळ येते."

कारण सांगितलं ते करमाळा तालुक्यातल्या एका मुलीने. बी.एस्सी.ला होती, बोलायला मोकळी. तेही बाईंनी तिच्या केसांना तेल लावता लावता विचारलं तेव्हा. समोर रस्त्यापलीकडे एक कोचिंग क्लास होता. त्याच्या गॅलरीत संध्याकाळी मुलं कठड्याला रेलून उभी असायची. "खिडकी उघडली की शिट्ट्या मारत्यात, मॅडम. एकानं तर मोबाईल धरला होता."

"मग तक्रार का नाही केलीस, तंगी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. बाईंना मुलींची नावं कधी पाठ झाली नाहीत, साऱ्याजणी तंगी.

"तक्रार केली की घरी कळणार. घरी कळलं की आण्णा म्हणणार, चल माघारी. मग लग्न. त्यापरीस अंधार बरा, मॅडम. लाईट लावून अभ्यास तर हुतोय."

हे मला सांगताना बाईंचा आवाज एकदम खाली गेला होता. "बघा, आपण म्हणत होतो मुली वीज उधळतात. त्या इथे टिकून राहायला दिवा लावत होत्या."

मग बाईंनी जे केलं ते मी दुकानातून घरी जाताना रस्त्यावरून रोज पाहिलं. ऊन कललं की त्या मधल्या खोलीतली खिडकी सताड उघडायच्या, खुर्ची ओढायच्या, इरकल साडीचा पदर नीट करून बसायच्या. मांडीवर सुपात शेंगा. शेंगा फोडायच्या आणि समोरच्या गॅलरीकडे बघायचं. गॅलरीतल्या मुलांनी आधी हसून घेतलं. मग बाईंनी तोंड उघडलं. चाळीस पोरांच्या वर्गापुढे कमावलेला आवाज तो, रस्त्यावरच्या रिक्षांच्या वरून सहज पलीकडे जायचा.

"ए चष्मेवाल्या! कुठलं गाव रे तुझं?"

मुलगा गांगरला. "नातेपुते."

"नातेपुत्यात कुणाचा?"

बापाचं नाव सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची पाळी. कुठल्या परीक्षेची तयारी, आई काय करते, जेवलास का. आठवडाभरात गॅलरीतल्या बहुतेकांची नावगावं बाईंना ठाऊक झाली. मुलींची नावं विसरणाऱ्या बाई या पोरांची मात्र विसरल्या नाहीत. ज्याचं नाव, गाव आणि आई कुणाला तरी माहीत आहे, अशा मुलाला शिट्टी मारणं जड जातं. ज्याने मोबाईल धरला होता, त्याला त्यांनी बोलण्यात गुंतवलं नाही. त्या सरळ रस्ता ओलांडून जिना चढून गेल्या, साऱ्यांच्या देखत त्याच्याकडून फोटो पुसून घेतले आणि खाली आल्या. तो मुलगा पुन्हा गॅलरीत दिसला नाही.

वर गेल्या होत्या तेव्हाच त्यांनी त्या क्लासची खोलीही पाहिली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेल्या. पत्र्याचं छत, प्लायवूडच्या भिंती घालून एका हॉलच्या तीन खोल्या केलेल्या, मागच्या खिडकीपुढे फळा उभा केलेला. आत पाच मिनिटं बसवेना.

"याक?" बाईंनी क्लासच्या सरांना विचारलं. "ही मुलं गॅलरीत का उभी राहतात, विचारलंत कधी? आत जीव घाबरतो म्हणून उभी राहतात. हा फळा हलवा आणि ती खिडकी उघडा की."

सर भला माणूस होता. फळा हलवला. मी मागे एक एक्झॉस्ट पंखा बसवून दिला. गॅलरी निम्मी ओस पडली. सगळी नाही. काहींना उकाड्याचं नुसतं निमित्त होतं, हे बाईंनाही कळत होतं. म्हणून त्यांनी खुर्ची हलवली नाही.

पण खिडकीत बसणाऱ्या बाईंची गोष्ट गावोगावी जाताना काय झाली, ऐका. क्लासमधला कुणी करमाळ्याकडचा पोरगा सुट्टीला घरी गेला आणि सांगून आला, की हॉस्टेलच्या बाई खिडकीत बसून पोरांशी गप्पा मारतात. पुढच्या गावात ते झालं, हॉस्टेलच्या खिडक्यांतून पोरांशी गप्पा चालतात. सेक्रेटरी साहेबांच्या कानावर ते कोणत्या रूपात गेलं, देव जाणे. त्यांचा मला फोन आला. रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या विटांनी बंद करायच्या, वर एकेक एक्झॉस्ट पंखा बसवायचा.

मी मापं घ्यायला गेलो. गवंडी दोन दिवसांनी येणार होता. बाई पायरीवरच भेटल्या.

"आणू देत विटा," त्या म्हणाल्या. "मी खुर्ची घेऊन तिथेच बसणार. बांधायचं असेल तर मला आत धरून बांधा म्हणावं."

"बाई, नोकरी जाईल तुमची."

"जाईल की. खिडकी राहील."

त्या हसल्या नाहीत. मी टेप घेऊन वर निघालो, आणि त्याच वेळी फाटकातून करमाळ्याच्या त्या मुलीचे वडील आत आले. डोक्याला टोपी, हातात रिकामी पिशवी. पोरीचे कपडे भरून न्यायला आणलेली ती पिशवी सगळं सांगत होती.

"बाई, माज्या पोरीला बोलवा. आमाला न्हाय ठिवायची हितं."

मुलगी जिन्यात येऊन उभी राहिली होती. कठडा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मला वाटलं, बाई आता समजावतील, हात जोडतील. त्यांनी फक्त मावशींना ताटली वाजवायला सांगितली आणि त्या गृहस्थांना म्हणाल्या, "न्यायचं तर न्या. पण मुलगी राहते कुठे, ते बघितलं नाही तुम्ही कधी. चला, चहा घ्या वरती."

त्यांना मुलीच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, बाहेर वारा सुटला होता. पण त्या खोलीची खिडकी पुठ्ठ्याने बंद. वर दिवा जळतोय, पंखा पाचवर. गरम चहाचा पेला त्यांच्या हातात. बाई समोर कॉटवर गप्प बसलेल्या. मी दारात टेप धरून उभा.

त्यांनी दोन घोट घेतले. टोपी काढली. उपरण्याने मान पुसली, मग कपाळ. पंख्याकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "लई गदमदतंय हो हितं. ती खिडकी हाय न्हवं?"

"आहे की."

"मग उघडा की."

"तुम्हीच उघडा. तुमच्या मुलीची खोली आहे."

ते उठले. पुठ्ठा ओढून काढला. खिट्टी गंजून बसली होती. मी पक्कड दिली. दोन-तीन हिसके दिल्यावर दार किरकिरत उघडलं आणि वारा असा आत आला, की टेबलावरची जर्नलं फडफडली. त्या माणसाने डोळे मिटून घेतले क्षणभर. उघडले तेव्हा समोरच्या गॅलरीत तीन-चार पोरं कठड्यावर रेलून इकडेच बघत होती. मोठा माणूस दिसल्यावर ती हळूहळू सरळ झाली.

त्यांनी वळून मुलीला विचारलं, "रोज असत्यात का ही?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं, तर ह्येच केलं असतं की, आण्णा. न्यायला आला असता."

त्यांची नजर खाली, कॉटवर ठेवलेल्या त्या रिकाम्या पिशवीवर गेली. ते पुन्हा खिडकीशी गेले, दोन्ही हात चौकटीवर टेकले आणि गॅलरी मोकळी होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

"बाई, ह्या खिडक्या बुजवणार हायती म्हनं? फाटकात मावशी सांगत हुत्या."

"तसा आदेश आहे."

"माजी पोरगी काय चोरीचा माल हाय व्हय, कोंडून ठिवायला?" ते माझ्यावरच ओरडले, कारण टेप माझ्या हातात होती. "कुटं हाय तुमचा सेक्रेटरी?"

बाई आणि ते, दोघं मिळून संस्थेच्या कार्यालयात गेले. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. गवंडी आला नाही, एवढं माहीत आहे. रिकामी पिशवी घेऊन ते गृहस्थ रात्रीच्या एसटीने एकटेच परतले.

पुढच्या दिवशी बाईंनी सगळ्या मुलींना जेवणघरात बोलावलं. मी जिन्यातला बोर्ड दुरुस्त करत होतो, त्यामुळे ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "एक खिडकी उघडली तर सगळे त्या एका मुलीकडे बघतात. सगळ्या उघडल्या तर कुणाकडे बघणार? उघडायच्या तर साऱ्यांनी मिळून, रोज, एकाच वेळी. ज्यांना भीती वाटते त्यांनी माझ्या शेजारी उभं राहा." जुन्या सुती साड्या फाडून मुलींनी अर्धे पडदे शिवले, खिडकीच्या खालच्या भागापुरते. आणि संध्याकाळी पुठ्ठे फाटण्याचे आवाज सुरू झाले. आधी दबकत, मग जोरात. एकेक खिट्टी निघत गेली. मी पक्कड घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर नुसता पळत होतो. त्या दिवशी मावशी ताटली वाजवायला विसरल्या आणि कुणाला आठवलंही नाही.

शिट्ट्या आल्या. दोन दिवस आल्या. खिडक्या बंद झाल्या नाहीत, मग शिट्ट्या थकल्या.

माझ्या धंद्यातल्या माणसाला यातला फरक कुठे दिसतो, सांगू? मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. जितका वापर जास्त, तितका तो भरभर लुकलुकतो. या इमारतीचा दिवा पूर्वी धाप लागल्यासारखा चालायचा. आता दुपारी तो सावकाश, मोजून लुकलुकतो. वायर पुन्हा जळली नाही. मी एकही सॉकेट काढलं नाही.

बाई सगळीकडे जिंकल्या असं मात्र समजू नका. पाणी तापवायच्या रॉडपुढे त्यांनी हात टेकले. गच्चीवर सौर बंब असूनही मुलींना पहाटे आपापल्या बादलीत रॉड हवाच असायचा. बाईंनी विचारून पाहिलं, ओरडून पाहिलं, शेवटी म्हणाल्या, "केस धुण्याच्या बाबतीत मुलींना कुणी हरवू शकत नाही." आणि स्वतःच्या खोलीतला कूलर त्या दार लावून वापरायच्या. दार थोडं उघडं ठेवल्याशिवाय कूलर गार करत नाही, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. ऐकलं नाही. म्हणायच्या, "डास येतात." मीच मग विचारायचो, "याक, बाई?" त्यावर रागावून चहा मागवायच्या.

त्यांची मुदत संपली तेव्हा संस्थेने ती वाढवली नाही. कारण कुणी सांगितलं नाही. त्यांनीही, आश्चर्य म्हणजे, विचारलं नाही. मे महिना होता, मुली गावाला गेलेल्या, निरोपाला आम्ही दोघंच, मावशी आणि मी. बाईंना सीमेपलीकडे कर्नाटकातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहातच काम मिळालं होतं. एसटीत बसताना त्यांनी एवढंच सांगितलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खिट्ट्या अजून जड जातात, जून उजाडायच्या आत तेल घाला. पहिल्यांदा कधी कधी फोन यायचा. मग नंबर बदलला असावा.

आता नव्या रेक्टर आहेत, चांगल्या आहेत. परवा एका खोलीतला रेग्युलेटर बिघडला म्हणून बोलावणं आलं. मावशी पुढे, मी मागे. दार अर्धं उघडं होतं. दिवा बंद, पंखा बंद. खिडकीतून पश्चिमेचं तांबूस ऊन भिंतीवर आलं होतं, पडदा वाऱ्याने आत फुगत होता. कॉटवर एक मुलगी पुस्तक छातीवर पालथं ठेवून गाढ झोपली होती. नवीन असावी, पहिल्या वर्षाची. कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

मावशी तिला उठवायला पुढे झाल्या. मी हातानेच थांबवलं आणि दार हळूच लोटून घेतलं. रेग्युलेटर काय, उद्याही बदलता येईल.